तालाची झुंज

मैफल कोणत्याही देशातील असो, श्रोत्यांची दृष्टी प्रथम गायकाकडे किंवा मुख्य वादकाकडे वळते. तालवाद्य वाजविणारा मनुष्य बहुधा मागे अथवा बाजूला बसलेला असतो. त्याने लय चुकविली, तर ती चूक सर्वांच्या ध्यानात येते; परंतु तो रात्रभर चोख वाजवीत राहिला, तर त्याची आठवण फारशी कोणाला होत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील जॅझ संगीतात मात्र असे काही ड्रमवादक होऊन गेले की, त्यांनी हे मागचे आसन रंगमंचाच्या मध्यभागी आणून ठेवले. ते भर सभेत एकमेकांशी सामने करीत, लोकांची मने रिझविण्यासाठी नाना युक्त्या योजीत आणि सामना संपला की एकमेकांचे गुण मोकळ्या मनाने गात. चुरस आणि स्नेह ही दोन्ही एकाच मनात कशी नांदू शकतात, हे त्यांच्या चरित्रांवरून चांगले समजते.

हे सामने समजण्यासाठी प्रथम जॅझ म्हणजे काय, हे थोडक्यात पाहिले पाहिजे. अमेरिकेच्या दक्षिण भागात न्यू ऑर्लिन्स नावाचे बंदर आहे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आणि विसाव्या शतकाच्या आरंभी हे संगीत उदयास आले. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांनी ते घडविले. आफ्रिकेतील लयीचे संस्कार, प्रार्थनामंदिरातील गाणी, शेतात राबताना म्हटलेली गीते आणि लष्करी बँडची वाद्ये यांचा त्यात संगम झाला. जॅझचा वादक कागदावर लिहिलेले तेवढेच वाजवून थांबत नाही. मूळ धून मनात कायम ठेवून तो तिचा त्या क्षणी सुचेल तसा विस्तार करतो. आपल्याकडील गवई ज्याप्रमाणे एकच बंदिश प्रत्येक मैफलीत नव्या रीतीने खुलवितो, त्याचप्रमाणे जॅझचा वादकही दर वेळी काही नवे सांगू पाहतो. जेथे नवे सुचण्याला वाव असतो, तेथे कोणाला अधिक चांगले सुचते, याची चुरसही आपोआप निर्माण होते.

या संगीतातील ड्रमवादकाचे साहित्यही मोठे मनोरंजक आहे. लष्करी बँडमध्ये मोठा ढोल एका शिपायाच्या गळ्यात असे, लहान ड्रम दुसऱ्याच्या आणि झांजा तिसऱ्याच्या हाती. चालत चालत वाजवावयाचे असल्यामुळे तीन माणसे लागत. पुढे संगीत रस्त्यावरून नृत्यगृहात आले आणि वादक खुर्चीवर बसले. तेव्हा एकाच मनुष्याला सर्व तालवाद्ये वाजविता येतील काय, असा विचार सुरू झाला. १९०९ साली विल्यम लडविग याने मोठा ढोल पायाने वाजविण्याचे एक सुटसुटीत पेडल तयार केले. ते पायाने दाबले की, त्याला जोडलेला गोळा ढोलावर आपटतो आणि लगेच मागे येतो. त्यामुळे वादकाचे दोन्ही हात मोकळे झाले.

हळूहळू या मोठ्या ढोलाभोवती एक संपूर्ण संचच उभा राहिला. वादकाच्या गुडघ्यांपाशी एक उथळ ड्रम असतो. त्याच्या खालच्या बाजूस बारीक तारा ताणून बसविलेल्या असतात. त्यामुळे त्याचा नाद ताशासारखा कडकडीत येतो. त्याच्या शेजारी टॉम-टॉम नावाचे खोल, घुमणारे ड्रम असतात. उंच दांड्यांवर पितळी रंगाच्या झांजा लटकत असतात. डाव्या पायाजवळ समोरासमोर बसविलेल्या दोन झांजांची एक जोडी असते. तिला हाय-हॅट म्हणतात. पाय दाबला की या झांजा मिटतात आणि उचलला की उघडतात. अशा प्रकारे दोन हात आणि दोन पाय यांना चार निरनिराळी कामे एकाच वेळी करावी लागतात. एका हाताने गोल आणि दुसऱ्या हाताने चौकोन काढण्याचा प्रयत्न करून पाहिला, म्हणजे हे काम किती अवघड आहे, याची थोडीशी कल्पना येते.

१९२६ साली न्यू यॉर्क शहरातील हार्लेम या भागात सव्हॉय नावाचे एक भव्य नृत्यगृह उघडले. तेथील लाकडी जमिनीवर रोज रात्री शेकडो पावले थिरकत. सव्हॉयमध्ये वादकांसाठी एक नव्हे, तर दोन व्यासपीठे शेजारी शेजारी बांधलेली होती. एका वाद्यवृंदाने विश्रांती घेतली की, दुसरा लगेच सुरुवात करी. संगीत क्षणभरही थांबू नये, एवढाच या योजनेचा मूळ हेतू होता. परंतु दोन वाद्यवृंद असे समोरासमोर आल्यावर नर्तकांनी त्यांची तुलना करावी, हे स्वाभाविकच होते. लवकरच तेथे वाद्यवृंदांचे सामने ठरवून होऊ लागले. परीक्षक म्हणून कोणी नेमण्याची गरजच नव्हती. ज्याच्या तालावर लोकांचे पाय अधिक उत्साहाने नाचत आणि ज्याच्यासाठी टाळ्यांचा अधिक कडकडाट होई, तो विजयी ठरे.

सव्हॉयचे आणखी एक वैशिष्ट्य लक्षात ठेवण्यासारखे आहे. त्या काळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्या आणि काळ्या लोकांनी वेगवेगळे राहावे, असे कायदे होते. उत्तरेकडील कित्येक उपाहारगृहांत आणि नाट्यगृहांतही काळ्या माणसाला प्रवेश मिळत नसे. मिळालाच तर मागची जागा मिळे. काळे वादक ज्या सभागृहात वाजवीत, तेथे त्यांना श्रोते म्हणून बसण्याची मुभा नसे, असेही घडे. सव्हॉयचे दार मात्र दोघांनाही खुले होते. तेथे मनुष्याच्या कातडीच्या रंगापेक्षा त्याच्या पावलातील लय अधिक मोलाची मानली जात असे.

या सव्हॉयचा अनभिषिक्त राजा होता चिक वेब. तो बाल्टिमोर शहरातील एका गरीब काळ्या कुटुंबात जन्मला. लहानपणीच त्याच्या पाठीच्या कण्याला क्षयाची बाधा झाली. त्यामुळे त्याची पाठ वाकली आणि उंची सुमारे चार फुटांवरच थांबली. वेदना तर जन्मभर त्याच्या सोबतीला राहिल्या. अशा मुलाने ताकदीचे वाद्य हाती घ्यावे, हे कोणालाही असंभाव्य वाटले असते. परंतु वेबला ड्रमचे वेडच होते. रस्त्यावर वर्तमानपत्रे विकून त्याने पैसे साठविले आणि आपला पहिला ड्रम विकत घेतला. पुढे तो न्यू यॉर्कला आला, त्याने स्वतःचा वाद्यवृंद उभारला आणि १९३१ पासून तो सव्हॉयचा मुख्य वादक झाला.

वेबचा ड्रमसंच त्याच्या शरीराला साजेल अशा रीतीने मांडलेला असे. तो एका उंच चौथऱ्यावर बसे. त्यामुळे मोठ्या ढोलामागे तो झाकला जात नसे. लिखित स्वरलिपी त्याला वाचता येत नव्हती. पण वाद्यवृंदातील प्रत्येकाचे वादन त्याला मुखोद्गत असे. कोणता तुतारीवाला कोठे थांबणार, कोठे सर्वांनी एकदम उसळी घ्यावयाची, हे सारे त्याच्या डोक्यात पक्के असे आणि त्या त्या जागी त्याचा आघात विजेसारखा पडे. १९३५ साली त्याने एला फिट्झजेराल्ड या कोवळ्या वयाच्या मुलीला आपल्या वाद्यवृंदात गायिका म्हणून घेतले. पुढे ती जगातील श्रेष्ठ जॅझ गायिकांमध्ये गणली गेली. दुसऱ्याचा गुण ओळखण्याची ही दृष्टीही वेबच्या मोठेपणाचाच एक भाग होती.

त्याच काळात एका गोऱ्या ड्रमवादकाचे नाव साऱ्या अमेरिकेत दुमदुमत होते. तो म्हणजे जीन क्रुपा. १९०९ साली शिकागो येथे, पोलंडहून आलेल्या एका कुटुंबात त्याचा जन्म झाला. तरुणपणी तो न्यू ऑर्लिन्सहून आलेल्या बेबी डॉड्स आदी काळ्या वादकांचे वादन तासन्‌तास ऐकत बसे. न्यू यॉर्कला आल्यावर तो हार्लेममध्ये जाऊन चिक वेबचे हात न्याहाळी. एकलव्याने द्रोणाचार्यांकडे दुरून पाहावे, त्याप्रमाणे वेब त्याचा न नेमलेला गुरूच होता. १९३४ च्या अखेरीस क्रुपा प्रसिद्ध क्लॅरिनेटवादक बेनी गुडमन याच्या वाद्यवृंदात दाखल झाला आणि थोड्याच काळात गुडमनइतकाच लोकांचा लाडका झाला.

क्रुपा वाजवू लागला की, पाहणाऱ्याची नजर त्याच्यावरून हलत नसे. त्याचे काळे केस कपाळावर विस्कटत, चेहऱ्यावरून घामाच्या धारा वाहत, काठ्या हवेत भिरभिरत आणि त्याचा चेहरा क्षणाक्षणाला बदलत असे. काही टीकाकार यास नाटकीपणा म्हणत. परंतु क्रुपाची ही करामत पोकळ नव्हती. तो रोज नियमाने सराव करी आणि वाद्यांच्या रचनेचाही बारकाईने विचार करी. पूर्वी टॉम-टॉमचे खालचे कातडे खिळ्यांनी ठोकून बसविलेले असे. त्यामुळे ते सैल अथवा घट्ट करून नाद जुळविता येत नसे. क्रुपाने आग्रह धरल्यावरून १९३६ च्या सुमारास स्लिंगरलँड कंपनीने दोन्ही बाजू जुळविता येतील असे टॉम-टॉम तयार केले. आजचे टॉम-टॉमही याच पद्धतीने बनतात. श्रोते पाहत होते तो केसांचा विस्कोट. त्यामागे होती ती ही मेहनत.

अशा या दोन वादकांची गाठ ११ मे १९३७ रोजी सव्हॉयमध्ये पडली. एका व्यासपीठावर गुडमनचा वाद्यवृंद आणि त्यात क्रुपा. दुसऱ्या व्यासपीठावर चिक वेब. नृत्यगृहात सुमारे ४००० माणसे दाटीवाटीने उभी होती आणि जागा नसल्यामुळे आणखी सुमारे ५००० लोकांना बाहेरूनच परतावे लागले. गर्दी आवरण्यासाठी पोलिसांना धावपळ करावी लागली. देशभर गुडमनच्या तबकड्या खपत होत्या. विशेष म्हणजे, त्याने गाजविलेल्या ‘स्टॉम्पिंग ॲट द सव्हॉय’ या रचनेचा जन्म वेबच्याच वाद्यवृंदात झाला होता. एडगर सॅम्पसनने ती रचली होती आणि वेबने १९३४ सालीच तिची तबकडी काढली होती. कीर्ती एकाला मिळाली होती आणि मूळ घर दुसऱ्याचे होते. म्हणून हा सामना वेबच्या दृष्टीने केवळ एका रात्रीच्या करमणुकीचा नव्हता. आपल्या अंगणात आपण कोण आहोत, हे त्याला दाखवून द्यावयाचे होते.

त्या रात्री वेब असा काही वाजवू लागला की, त्याच्या दुबळ्या देहात एवढी शक्ती कोठून आली, असे सर्वांना वाटले. गुडमनच्या मंडळींनी एक चाल वाजवावी आणि वेबने तिच्याहून तडफदार उत्तर द्यावे, असा प्रकार चालला. अखेर विजय कोणाचा, याविषयी सभागृहात संशय उरला नाही. तेव्हा क्रुपाने जे केले, ते त्या सामन्याहूनही अधिक संस्मरणीय ठरले. देशातील सर्वांत लोकप्रिय ड्रमवादक म्हणून मिरविणारा हा तरुण उभा राहिला आणि सर्वांच्या देखत वेबपुढे मान लववून त्याने त्याला वंदन केले. आपल्यापेक्षा सरस माणसाकडून आपण हरलो, असे पुढेही तो मोकळेपणाने सांगत असे.

हा मानाचा मुजरा ज्या देशात आणि ज्या काळात झाला, ते ध्यानात घेतले म्हणजे त्याचे खरे मोल कळते. ज्या समाजात काळ्या माणसाने गोऱ्यासमोर वाकावे, अशीच रूढी होती, त्या समाजात एका गोऱ्या कलावंताने काळ्या कलावंतापुढे मस्तक नमविले. त्यासाठी त्याला भाषण करावे लागले नाही. त्याने गुण पाहिला आणि तो मान्य केला, एवढेच. १९४१ साली क्रुपाने रॉय एल्ड्रिज या काळ्या तुतारीवादकाला आपल्या गोऱ्या वाद्यवृंदात सन्मानाने घेतले. तेव्हा सव्हॉयमधील ते वंदन क्षणिक उमाळ्याचे नव्हते, हेही दिसून आले.

पुढच्याच वर्षी आणखी एक योग जुळून आला. १६ जानेवारी १९३८ रोजी न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये गुडमनचा कार्यक्रम झाला. तोपर्यंत या सभागृहात प्रामुख्याने युरोपीय अभिजात संगीत होत असे. जॅझला तेथे असा मान क्वचितच मिळाला होता. ‘सिंग, सिंग, सिंग’ या रचनेत क्रुपाचे ड्रम घुमू लागले आणि श्रोते बेभान झाले. आदल्या वर्षी निघालेली या रचनेची तबकडीही नवलाची होती. त्या काळी एका तबकडीच्या एका बाजूवर साधारणतः तीन मिनिटांचे संगीत मावे. ही रचना मात्र आठ मिनिटांहून अधिक लांब असल्यामुळे मोठ्या तबकडीच्या दोन्ही बाजूंवर छापावी लागली. त्यातील बराच भाग क्रुपाच्या ड्रमनेच व्यापलेला होता.

कार्नेगी हॉलमधील कार्यक्रम आटोपल्यावर त्याच रात्री अनेक वादक घाईघाईने हार्लेमकडे निघाले. कारण सव्हॉयमध्ये त्या रात्री चिक वेब आणि काउंट बेसी यांच्या वाद्यवृंदांचा सामना होता. बेसीचा ड्रमवादक जो जोन्स हा अगदी वेगळ्या प्रकृतीचा होता. त्याने लयीचा मुख्य भार पायाखालच्या ढोलावरून हाय-हॅटच्या झांजांवर आणला. त्यामुळे संपूर्ण वाद्यवृंदाची चाल हलकी आणि वाहती झाली. वेबचे वादन म्हणजे वीज, तर जोन्सचे वादन म्हणजे वाऱ्याची झुळूक. चेहऱ्यावर मंद स्मित ठेवून तो वाजवी आणि मनात आले तर काठ्या बाजूला ठेवून नुसत्या हातांनीही ड्रम बोलका करी. त्या रात्री कोण जिंकले, याविषयी जाणकारांत कधीच एकमत झाले नाही. दोन्ही पक्षांचे लोक आपणच जिंकलो, असे म्हणत राहिले.

दुर्दैवाने चिक वेबला अधिक आयुष्य लाभले नाही. त्याची प्रकृती खालावत गेली. तरीही शक्य तोवर तो वाजवीतच राहिला. १६ जून १९३९ रोजी बाल्टिमोर येथे त्याचे निधन झाले. त्याचा वाद्यवृंद पुढे एला फिट्झजेराल्डच्या नावाने चालू राहिला.

वेबचे वादन ऐकून भारावलेल्या तरुणांत बडी रिच हा एक होता. त्याचा जन्म १९१७ साली न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाला. त्याचे आईवडील रंगभूमीवर विनोदी कार्यक्रम करीत. मूल चमच्यांनी लयीत ठोके देते, हे त्यांच्या ध्यानात आले आणि दोन वर्षांचाही होण्यापूर्वी बडी रंगमंचावर ड्रम वाजवू लागला. अकराव्या वर्षी तर तो स्वतःच्या वाद्यवृंदाचा नायक होता. त्यालाही वेबप्रमाणे स्वरलिपी वाचता येत नसे. नवी रचना आली की, दुसऱ्या ड्रमवादकाला ती वाजवावयास सांगून तो शांतपणे ऐके आणि मग स्वतः बसून ती बिनचूक वाजवी.

रिचच्या वेगाविषयी ड्रमवादकांत आजही आश्चर्य व्यक्त होते. या वेगामागे केवळ मनगटाची ताकद नव्हती. ताणलेल्या कातड्यावर काठी पडली की, ती आपोआप उसळून वर येते. कच्चा वादक तिला पुन्हा बळाने उचलतो आणि लवकर थकतो. निपुण वादक ती उसळी वाया जाऊ देत नाही. बोटांच्या हलक्या स्पर्शाने तो तिला पुन्हा खाली वळवितो. कातडेच निम्मे काम करते आणि वादक फक्त त्याला दिशा देतो. रिचच्या हातात ही विद्या इतकी मुरली होती की, तो अतिशय मंद आघातांपासून सुरुवात करून वेग वाढवीत नेई आणि अखेरीस वेगळे ठोके ऐकू न येता अखंड गुंजारवच कानी पडे. मग तो हात एकमेकांवरून आडवे टाकून, एका ड्रमवरून दुसऱ्यावर झेपावत वाजवी आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवीत.

रिचचा स्वभाव मात्र तापट होता. त्याच्या वाद्यवृंदातील मंडळींनी त्याची कठोर बोलणी पुष्कळदा ऐकली. अशा मनुष्याचे क्रुपाशी कसे जमणार, असे कोणालाही वाटेल. दोघांत आठ वर्षांचे अंतर होते. एक कीर्तीच्या शिखरावर असताना दुसरा त्याची बरोबरी करू पाहत होता. परंतु या दोघांची चुरस जन्मभर स्नेहाचीच राहिली. १९५२ साली नॉर्मन ग्रान्झ या संयोजकाने कार्नेगी हॉलमधील एका कार्यक्रमात दोघांना समोरासमोर बसविले. ग्रान्झच्या कार्यक्रमांचा एक कडक नियम होता: श्रोत्यांत काळे आणि गोरे असा भेद करून त्यांना वेगळे बसविता कामा नये. जेथे हा नियम मान्य नसे, तेथे तो कार्यक्रमच करीत नसे.

अशा सामन्याची रीत मोठी गमतीची असते. जॅझमध्ये बहुधा चार मात्रांचा एक भाग धरतात आणि असे चार भाग एका वादकाने वाजविले की, पुढचे चार दुसऱ्याने वाजवावयाचे असतात. म्हणजे प्रत्येकाला सोळा मात्रा मिळतात. आपल्या त्रितालाच्या एका आवर्तनाइतक्याच. एवढ्या अवकाशात पहिल्याने एखादी बांधणी मांडावयाची आणि दुसऱ्याने ती ऐकून तिला उलटवावयाचे, वाढवावयाचे किंवा विनोदाने मोडून दाखवावयाचे. लय क्षणभरही थांबत नाही. म्हणून समोरच्याचे वादन जो लक्ष देऊन ऐकत नाही, त्याला उत्तरच सुचत नाही. तालाच्या झुंजीत पहिले शस्त्र कान हे आहे, हात नव्हे.

१९५५ साली क्रुपा आणि रिच यांचे एकत्र ध्वनिमुद्रण झाले. १९६० साली क्रुपाला हृदयविकाराचा झटका आला; पण तो पुन्हा उभा राहिला. १९६६ साली सॅमी डेव्हिस या कलावंताच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात ते दोघे पुन्हा समोरासमोर आले. तेव्हा क्रुपा सत्तावन्न वर्षांचा होता. वेगात रिच त्याच्या पुढे आहे, हे कोणालाही कळण्यासारखे होते आणि क्रुपाला ते सर्वांत अधिक कळत होते. तरीही त्याने सामना टाळला नाही किंवा रिचच्या वेगाची नक्कलही केली नाही. आपल्या घुमणाऱ्या टॉम-टॉमवर, आपल्याच ढंगाने त्याने उत्तरे दिली. रिच हा सर्वश्रेष्ठ ड्रमवादक आहे, असे क्रुपा स्वतःच सांगत असे. आणि क्रुपा झाला नसता, तर ड्रमवादकांना आजचे स्थान मिळाले नसते, हे रिच कृतज्ञतेने मान्य करी. एरवी फटकळ असलेला हा मनुष्य क्रुपाविषयी बोलताना मृदू होई.

या चुरशीतून पुढच्या पिढ्यांनाही लाभ झाला. क्रुपाच्या नावाने भरविलेल्या एका राष्ट्रीय स्पर्धेत ४०,००० हून अधिक तरुणांतून सतरा वर्षांचा लुई बेलसन पहिला आला. पंधराव्या वर्षीच त्याने शाळेत दोन मोठ्या ढोलांच्या संचाचे चित्र काढले होते आणि पुढे तो दोन्ही पायांनी दोन ढोल वाजवून लोकांना थक्क करू लागला. १९५९ साली रिचचा सामना मॅक्स रोच या काळ्या वादकाशी ध्वनिमुद्रित झाला. दोघांचे वाद्यवृंद ऐकणाऱ्याच्या दोन बाजूंना येतील, अशी त्या ध्वनिमुद्रिकेची रचना होती. रिच आघातांचा वर्षाव करी. रोच मोजके आघात करून त्यांच्यामधील शांततेलाही बोलावयास लावी. याच रोचने उतारवयात केवळ हाय-हॅटची एक जोडी घेऊन संपूर्ण रचना वाजविण्याचा परिपाठ ठेवला होता. तीत काठ्यांच्या अनेक कसरती असत आणि लोकांची चांगलीच करमणूक होई. परंतु ती रचना होती ज्येष्ठ वादक जो जोन्स याच्या गौरवार्थ. करामतीतूनही गुरुजनांचे ऋण फेडता येते, ते असे.

रिचच्या जीवनात एक भारतीय प्रसंगही आहे. १९६७ साली मॉन्टेरी येथील संगीतोत्सवात पंडित रविशंकर यांच्या सतारीला उस्ताद अल्लारखाँ यांनी केलेली तबल्याची साथ ऐकून अमेरिकन श्रोते मुग्ध झाले. मुंबई ही उस्तादांची कर्मभूमी होती. १९६८ साली बडी रिच आणि अल्लारखाँ यांची एकत्र ध्वनिमुद्रिका निघाली. एकाच्या हातात काठ्या, तर दुसऱ्याची केवळ बोटे. एकाचा ताल चार मात्रांच्या भागांत मोजलेला, तर दुसऱ्याचा बोलांत बांधलेला. भाषा अगदी भिन्न असूनही लयीच्या बळावर दोघे एकमेकांशी संवाद साधू शकले.

पुढे ‘मपेट शो’ या बाहुल्यांच्या कार्यक्रमात रिचने ‘ॲनिमल’ नावाच्या एका रानटी, झिपऱ्या बाहुल्याशीही ड्रमचा सामना केला. आपण हरलो, हे उमगताच त्या बाहुल्याने ड्रम उचलून रिचच्याच डोक्यावर घातला आणि प्रेक्षक खो खो हसले. हसू येण्याचे कारण असे की, हरल्यावर असे करावे, हा मोह माणसालाही होतो. फक्त सभ्य माणूस तो आवरतो.

चिक वेबनंतर १९७३ साली क्रुपा, १९८५ साली जो जोन्स, १९८७ साली रिच आणि २००७ साली रोच हे कलावंत काळाच्या पडद्याआड गेले. त्यांच्यापैकी सर्वांत श्रेष्ठ कोण, यावर ड्रमवादक आजही वाद घालतात आणि तो वाद मिटण्याची चिन्हे नाहीत. तो मिटावा, अशी कोणाची फारशी इच्छाही दिसत नाही. वेब नसता, तर क्रुपाला आपली उणीव कळली नसती. क्रुपा नसता, तर रिचला गाठावयास शिखर उरले नसते. आपल्याला मागे टाकू शकणारा सोबती हा शत्रू नसून तो आपल्या वाढीचे कारण असतो. त्याच्याशी जीव तोडून सामना द्यावा. आणि तो जिंकला, तर क्रुपाप्रमाणे उभे राहून त्याला मान द्यावा. अशा मनुष्याची हारही लोकांच्या स्मरणात जयाइतकीच टिकते.